पेंडीचा लाडू

लाडवाचा पहिला घास माझ्या तोंडात होता.

समोर सदानंद माईणकर खुर्चीच्या कडेवर टेकून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांच्या आई भिंतीशी पाटावर बसल्या होत्या आणि माझ्या गळ्याकडे पाहत होत्या. घास खाली उतरतो की नाही, एवढेच त्यांना पाहायचे असावे. मी गिळू शकत नव्हते आणि थुंकूही शकत नव्हते. जिभेवर काहीतरी जुने, ओलसर, तेलकट पसरत चालले होते, पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षे विसरलेल्या चिंधीसारखे. आणि त्यावरून गुळाचा गोडवा असा ओघळत होता, की त्या कुजकटपणापेक्षा त्या गोडव्याचीच मला अधिक किळस आली.

"सावकाश," सदानंद म्हणाले. "घाई नाही. मला खरं मत हवंय."

"अरे, तिला पाणी तरी घेऊ दे," आई म्हणाल्या.

मी तांब्या उचलला, डोळे मिटले आणि घास पाण्याबरोबर ढकलला. तो उतरला, पण त्याचा वास मागे, टाळूच्या वर कुठेतरी, घर करून बसला.

"वेगळा आहे," मी म्हणाले.

"वेगळा!" ते खूश झाले. "ऐकलंस आई? वेगळा म्हणाल्या. वेंगुर्ल्याच्या माणसाला खोबऱ्यावाचून काही उतरत नाही म्हणतात, आणि यांनी घास संपवला."

आई हसल्या. त्यांच्या बशीतला लाडू अजून अख्खा होता.

पुढच्या रविवारी आमचा साखरपुडा ठरला होता. त्याआधी एकदा घर पाहून जा, असा निरोप आईंनीच धाडला होता, म्हणून सांगलीहून दुपारच्या एसटीने मी तासगावला आले होते. सांगलीच्या एका महाविद्यालयात मी तेव्हा मराठी शिकवत असे आणि एका खोलीत एकटी राहत असे. सदानंद तासगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. स्थळ सुचवले होते माझ्या वरिष्ठ सहकारी कमलताईंनी, आणि पहिली भेटही त्यांच्याच दिवाणखान्यात झाली होती.

त्या भेटीतले एक वाक्य सांगितल्याखेरीज पुढचे काही सांगता येणार नाही. त्याआधी आलेल्या मुलांनी मला माझा पगार विचारला होता, बदलीची शक्यता विचारली होती, एकाने चष्म्याचा नंबरही विचारला होता. माझे डोके तर त्या काळी नव्या कवितेने गच्च भरलेले. रिकाम्या खुर्चीचा आवाज आणि काळोखाचा रंग असल्या गोष्टींवर माझे पोट भरत असे. त्या दिवशी मी गावाहून आलेला अबोलीचा गजरा माळला होता. निघताना सदानंद दारापाशी माझ्या जवळून गेले, क्षणभर थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही गेल्यावरही या अबोलीचा वास इथे राहील."

अबोलीला वास नसतो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून तर त्या फुलाला बोलता येत नाही असे आम्ही लहानपणी समजत असू. आणि हा रसायनशास्त्राचा माणूस, तेल लावून भांग पाडलेला, त्या मुक्या फुलाला वास देऊन मोकळा झाला होता. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आई दचकल्यासारख्या मला वाटल्या; पण मी मान खाली घातली आणि हसले. होकार मी कमलताईंना दुसऱ्या दिवशी कळवला, दिला मात्र तिथेच, त्या उंबरठ्यावर. त्या होकाराचे पुढे काय झाले हे माझ्या ओळखीच्या बहुतेकांना माहीत आहे. ही दुपार मात्र मी कोणाला सांगितलेली नाही.

"आता यात काय काय आहे ते ओळखा," सदानंद म्हणाले.

"गूळ," मी म्हणाले. तेवढे एकच नाव मला घेता येण्यासारखे होते.

"गूळ, भाजलेल्या हुलग्याचं पीठ, आणि मुख्य म्हणजे शेंगदाण्याची पेंड." त्यांनी स्वतःच्या बशीतला दुसरा लाडू उचलून दोन घासांत संपवला. तोंड भरलेले असतानाच ते बोलत राहिले आणि मिशीवर तपकिरी कण हलत राहिले. "तेल काढून घेतलं की लोकांना वाटतं, दाण्यात काही उरलं नाही. सगळी ताकद तर मागेच राहते! प्रथिनं बघायला गेलात तर ही पेंड अंड्याला मागे टाकेल. आणि किंमत? जवळजवळ नाहीच."

"पेंड म्हणजे... गुरांना घालतात ती?"

"गुरं शहाणी असतात हो," ते हसले. "माणसांनाच वेड लागलंय. वडी पाहिजे, बिस्कीट पाहिजे. या गल्लीतल्या बालवाडीतली पोरं बघा तुम्ही. सकाळी चहात बुडवलेला पाव खाऊन येतात, आणि दुपारी मुठीएवढे चेहरे करून पेंगतात. महिला मंडळ म्हणतं, आमच्याकडे गुळापुरतेच पैसे. म्हटलं, गूळ तुम्ही द्या, बाकी मी बघतो. पोट भरेल, अंगी लागेल आणि पोरं मागून खातील असं काहीतरी करून दाखवतो. या सोमवारपासून मधल्या वेळचं खाणं म्हणजे हे. आई वळणार, मी पोचवणार. आणि पुढं..." ते माझ्याकडे पाहून थांबले. "पुढं तुम्हीही असालच."

त्यांच्या डोळ्यांत इतका निर्मळ उजेड होता, की माझी मान आपोआप हलली. आणि त्याच वेळी माझा हात पुन्हा तांब्याकडे गेला.

"ही कल्पना माझी नाही बरं का," ते म्हणाले. "आईची आहे. वडील गेले तेव्हा मी लहान होतो. आमच्या मागच्या गल्लीत लाकडी घाणा होता. लोक आपापल्या शेंगा फोडून दाणे घेऊन यायचे, तेल घेऊन जायचे, आणि पेंडीतली मूठभर घाणेवाला आईला द्यायचा. ती गरम गरम ओच्यात घेऊन यायची. गुळाचा खडा आणि पेंड! रात्रीपर्यंत भूक लागायची नाही. मी त्या पेंडीवर वाढलोय. हो ना आई?"

"हो रे बाबा," आई म्हणाल्या. "ती गरम असायची."

"आता तो घाणा?" मी विचारले.

"केव्हाच बंद पडला. ही मी गेल्या महिन्यात बाजारपेठेतनं आणली, गुरांच्या खाद्याच्या दुकानातनं. अख्खं पोतं. खांद्यावर घालून आणलं. पेंड ती पेंड." मग ते आईंकडे वळले. "तू खाल्ला नाहीस?"

"खाते की."

आईंनी लाडू फोडला. गालात सुपारी सरकवतात तसे काहीतरी त्यांनी जिभेने एका बाजूला सारले, लाडवाचा तुकडा मागे, अगदी घशाच्या तोंडाशी ठेवला आणि न चावता गिळला. गळ्याची शीर वर आली आणि खाली गेली. "छान झालाय," त्या म्हणाल्या. सगळे इतके सराईतपणे झाले, की एखाद्या पूजेतली नित्याची क्रिया पाहावी तसे वाटले.

"कालच्यापेक्षा?"

"कालच्यापेक्षा चांगला."

त्याच वेळी मला दुसरा वास आला. दूध लागल्याचा. प्रथम पुसट, आणि मग घरभर, दाट, करपलेला. मी सदानंदांकडे पाहिले. ते मजेत बोलत होते. बालवाडीच्या बाई किती खूश होतील, पोरांना आधी लाडू द्यायचा की आधी पाणी, असे काहीतरी. त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होते आणि त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

"दूध लागलं वाटतं," आई उठत म्हणाल्या, आणि मुलाकडे एक ओझरती नजर टाकली.

"हो, मलाही आत्ताच वास आला," ते लगेच म्हणाले.

"मी येते मदतीला," मी म्हणाले. तोंडात बोट घालून सगळे ओकून टाकता येईल अशी एखादी मोरी मला हवी होती.

स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होते. भांडी घासून पालथी घातलेली, चुलीच्या बाजूला स्टोव्ह, वर चिमणीएवढी खिडकी. त्या स्वच्छतेच्या ऐन मध्यावर, कोपऱ्यात, ते पोते बसले होते. त्याचे तोंड सुटे होते. आईंनी दुधाचे पातेले उतरवले, आणि मी त्या पोत्यात डोकावले.

पेंडीच्या चपट्या तुकड्यांवर हिरवट-करडी लव धरली होती, पावसाळ्यात चपलांवर धरते तशी. तुकडे एकमेकांना जाळ्यांनी चिकटले होते. जाळ्यांत बारीक पांढुरक्या अळ्या हलत होत्या, सावकाश, कोणाची भीती नसल्यासारख्या. एक करडे पाखरू उडाले आणि माझ्या गालाला लागून गेले. मी मोरीकडे धावले. आईंनी मागून येऊन माझे कपाळ धरले. त्यांचा तळवा थंड होता.

"होऊ दे, होऊ दे," त्या म्हणाल्या. "मलाही पहिले काही दिवस असंच व्हायचं. आता आठवड्यातनं एखाद वेळेला."

मी चूळ भरली. एकदा, पुन्हा, आणखी एकदा. वास गेला नाही.

"काकू, ही पेंड खराब झालीय."

"मला का दिसत नाही?" त्या म्हणाल्या. "मी चाळून घेते. अळ्या काढते, वरचं हिरवं खरवडते, मग भाजते खमंग. भाजल्यावर बरंच कमी होतं."

"कमी होतं?"

"बरंच."

खिडकीतून शेजारच्या परड्यातली म्हैस दिसत होती. कुंपणाची भिंत कमरेएवढीच. भिंतीच्या पलीकडे, दावणीच्या कडेला, चार-पाच तपकिरी गोळे पडले होते. मला ओळखायला वेळ लागला नाही. म्हशीने मान लांबवली, एका गोळ्यावर जोरात फुंकर टाकली आणि तोंड फिरवून कोरड्या कडब्याकडे वळवले.

"तुम्ही टाकलेत ते?"

"माझ्या वाटणीचे," त्या जरा लाजून म्हणाल्या. "सदू कॉलेजात गेला की. म्हटलं मुक्या जनावराच्या तरी पोटात जातील. चार दिवस खाल्ले तिनं, आता कसली खाते! पारूबाई परवा विचारत होती, माईणकरवहिनी, म्हशीला कुणी काय घातलंय का, दूध आटलंय तिचं. म्हटलं नाही बाई, आम्ही कशाला घालू." आणि त्या खरोखरच हसल्या, खट्याळ पोरीसारख्या, पदर तोंडाला लावून.

मला हसू आले नाही. "पण तुम्ही त्यांना सांगत का नाही? ते तुम्हाला विचारतात. सारखं विचारतात, छान झालाय का म्हणून."

आईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काहीतरी विसरले होते.

"अगं, तो मला विचारतो, कारण दुसरं कुणाला विचारणार? त्याला का कळणार आहे?" त्या स्टोव्हजवळच्या फळीवर टेकल्या. "तुला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"आता माझ्यापाशी कशाला लपवतेस? मी किती दुवा दिला त्या दिवशी तुला, देवालाच माहीत." त्यांचा आवाज खाली गेला. बाहेरच्या खोलीत सदानंद शीळ घालत होते. "मीच त्याला पढवून नेलं होतं. म्हटलं, मुलीच्या केसात फुलं असतील तर वासाबद्दल दोन शब्द बोल. मुलींना बरं वाटतं. मला वाटलं, मोगरा असेल, नाहीतर जाई. तू आलीस ती अबोली माळून! म्हटलं आता याला खूण कशी करू? तोवर हा बोलून मोकळा. माझं काळीज एवढंसं झालं. म्हटलं, संपलं. आता ही हसेल, कमलताईंना सांगेल, सगळीकडे होईल, माईणकरांच्या मुलाला वासच कळत नाही म्हणून. आणि तू..." त्यांनी माझा हात हातात घेतला. "तू मान खाली घातलीस आणि चूप राहिलीस. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, या पोरीनं ओळखलंय आणि पोटात घातलंय. ही निभावून नेईल."

मी भिंतीला टेकले. इतके दिवस जी कविता मी मनात घोळवत फिरले होते, ती या स्वयंपाकघरात, लागलेल्या दुधाच्या आणि बुरशीच्या वासात, उलटी होऊन माझ्यासमोर पडली होती, आणि तिच्या पोटात काहीही नव्हते. मुक्या फुलाला कोणी वास दिला नव्हता. एका माणसाने पढवलेले वाक्य म्हटले होते, चुकीच्या फुलापुढे.

"केव्हापासून?" मी विचारले.

"त्याच घाण्यावरनं पडला," त्या म्हणाल्या. "पोरं बसायची ना त्याच्या फळीवर, बैल फिरायचा तशी गोल गोल. मी पेंड घ्यायला थांबले होते, म्हटलं, बस जरा. बैल बुजला. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. वाचला, शिकला, मोठा झाला, सगळं झालं. वास तेवढा गेला. गोड कळतं, खारट कळतं, तिखट कळतं, बस्स. त्यानं मला एकदाच विचारलं होतं तेव्हा, आई, पेंडीला आता वास का येत नाही? मी म्हटलं, येतो की रे, तसाच येतो, तू खा." त्या थांबल्या. "तेव्हापासून तो मला विचारतो आणि मी सांगते. दूध नासलं, भाजी आंबली, कुणाकडं गेलं तर काय म्हणायचं. मी त्याचं नाक आहे म्हण ना. एवढ्या वर्षांत कुणाला पत्ता नाही."

"पण या पेंडीबद्दल तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत."

"पोतं खांद्यावरनं उतरवलं त्यानं आणि म्हणाला, आई, तुझी पेंड आणली. घामानं भिजला होता. त्याचं तोंड असं फुललेलं वडील गेल्यावर कधी बघितलं नव्हतं मी. तोंड उघडलं पोत्याचं आणि मला विचारलं, तसाच वास आहे ना?" आईंनी पदराने पातेल्याची कड पुसली, पुसतच राहिल्या. "काय सांगायला हवं होतं मी? आणि एकदा 'हो' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कसं बदलायचं?"

"सोमवारी ती पोरं खाणार आहेत."

"पोरांची पोटं चिवट असतात. मला नाही का उतरत?"

"तुम्ही ओकता, काकू."

"म्हणून तर म्हणते," त्या एकदम जवळ आल्या. त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास होता, आणि त्या लवंगेच्या आड तोच दुसरा वास. "माझं आता वय झालं. मी किती दिवस पुरणार? तू आलीस म्हणजे मी सुटले. तू चाखत जा, छान म्हणत जा. हे बेत त्याचे बदलत राहतात गं. आज पेंड, उद्या आणखी काही. तुला शिकवते मी, अवघड नाही." कमरेची चंची सोडून त्यांनी त्यातून एक लवंग काढली. "ही आधी गालात धरायची. मग घास मागं ठेवायचा, जिभेच्या मुळाशी. चावायचं नाही. सासूबाईंनी मला पाटल्या दिल्या होत्या, त्या सदूच्या शिक्षणात गेल्या. माझ्यापाशी तुला द्यायला एवढंच आहे."

त्यांनी ती लवंग माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटे स्वतःच्या हाताने मिटली. ती ओलसर होती. क्षणभर मला असे वाटले, की ती आधी त्यांच्या गालात असावी.

प्रेमाची किळस येऊ शकते, हे मी तोवर कोठे वाचले नव्हते. त्या बाईंच्या तळव्यात, त्यांच्या हसण्यात, मुलासाठी गिळलेल्या त्या प्रत्येक घासात जे होते त्याला दुसरे नाव नव्हते.  मी त्या पोत्याकडे पाहिले. अळ्या संथपणे आपले काम करीत होत्या.

"अहो, दोघीजणी काय संशोधन करताय आत?" बाहेरून सदानंदांची हाक आली. "या ना! बालवाडीच्या बाई येतील आता लाडू बघायला."

आई कुजबुजल्या, "त्याला काही बोलू नकोस. एवढं एक ऐक माझं. त्याचं मन मोडेल."

"आणि पोरांचं काही झालं तर?"

"काही होत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याआधी बाहेर गेल्या.

बाहेरच्या खोलीत सदानंदांनी एका ताटात लाडवांची उतरंड रचली होती. वर तुळशीचे पान ठेवले होते. त्यांनी हात धुतले होते, सदऱ्याची बटणे लावली होती. उघड्या दारातून गल्ली दिसत होती. एका ओट्यावर काही पोरे खडूने रेघा ओढत बसली होती, त्यातल्या एकीने वाकून दारातून आत पाहिले आणि ताट पाहून ओठांवरून जीभ फिरवली.

"ही बघा आमची गिऱ्हाईकं," ते म्हणाले. "ये गं ठमे! देऊ का एक?"

"नको," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले, हसतच. "का? सोमवारपर्यंत थांबायचं?"

"सोमवारीही नको. पेंडीला बुरशी आलीय. अळ्या आहेत. लाडू कुजलेल्या तेलासारखे लागतात. मी आत्ता आत ओकून आले."

पाटावर बसत असलेल्या आई अर्ध्यात थांबल्या.

"ओकलात?" त्यांना खरोखर काळजी वाटली. "एसटीचा त्रास झाला असेल. उन्हाचं आलात. आई, यांना लिंबू..."

"एसटी नाही. हा वास या घरात शिरल्यापासून येतोय."

"हे बघा," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीशी बोलावे तसे, "पेंडीला स्वतःचा एक वास असतोच. तुम्हा कोकणातल्या लोकांना त्याची सवय नाही. मला विचाराल तर तो वास मला आवडतो. लहानपणापासूनचा."

"तुम्हाला आत्ता येतोय तो?"

"येतोय की."

त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले, की कोणालाही खरे वाटावे. मलाही पूर्वी वाटले होते. गल्लीतली ती पोरगी आता पायरीपर्यंत आली होती. माझ्या मुठीतली लवंग तळव्याला रुतत होती. आईंची नजर त्या मुठीवर होती. माझ्या केसांत त्या दिवशीही अबोलीचाच गजरा होता, सकाळी मुद्दाम मिळवलेला. मी तो काढला आणि लाडवांच्या ताटाशेजारी ठेवला.

"अबोलीला वास नसतो," मी म्हणाले.

त्यांनी गजऱ्याकडे पाहिले. ते हसू काही क्षण तसेच राहिले, माणूस निघून गेल्यावर पाण्यात राहणाऱ्या हालचालीसारखे. मग ते हळूहळू विझले. त्यांनी गजरा उचलला, नाकाशी नेला. का नेला, ते त्यांनाच ठाऊक. पुन्हा खाली ठेवला. कानशिलापासून गळ्यापर्यंत ते लाल झाले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मला जे सांगायचे होते ते एवढ्यात सांगून झाले होते, आणि माझ्यात आता फक्त इथून उठून उघड्या हवेत जाण्याची इच्छा उरली होती; तरी मी उभी राहिले, कारण ते ताट अजून तिथेच होते आणि ती पोरगी पायरीवर होती.

सदानंदांनी वरचा लाडू उचलला. तो फोडला. दोन्ही अर्धे उजेडात धरून पाहिले, प्रयोगशाळेत परीक्षानळी धरावी तसे. त्यात दिसण्यासारखे काही नव्हते. आईंनी पीठ बारीक चाळले होते. मग ते वळले. इतक्या हलक्या आवाजात बोलले, की घाण्यावरून पडलेला तो मुलगाच बोलतो आहे असे वाटले.

"आई," त्यांनी विचारले, "याला कसला वास येतो?"

आई पाटावरून उठल्या. त्यांनी आमच्या तिन्ही बशा एकात एक घातल्या. पाटाखाली सांडलेले कण बोटाने टिपून वरच्या बशीत टाकले. लाडवांचे ताट दुसऱ्या हातात घेतले. पायरीवरच्या पोरीने मान उंच करून ते जाताना पाहिले.

"आई?"

पदर खांद्यावरून घसरत होता, तो सावरायला त्यांचा हात मोकळा नव्हता. तशाच त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.